‘ले’ले इंग्रजीत काय म्हणतात?

“सर, ‘ले’ले इंग्रजीत काय म्हंतेत?”

नववीच्या वर्गात मागच्या बाकावरून हा प्रश्न आला, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होतो. मागे न वळताच म्हणालो, “टू.” तास संपायच्या आत त्या पोरानं वही पुढे केली. त्याच्या मनातलं वाक्य होतं, ‘मले सोमवारले मामाले भेटाले यवतमाळले जायचं हाय.’ वहीत उतरलं होतं, ‘टू मी टू मंडे टू अंकल टू मीट टू यवतमाळ गो.’ पाच ‘ले’, पाच ‘टू’. हिशेब चोख होता. चुकलं होतं ते माझं उत्तर.

हे वाक्य धड इंग्रजीत ‘आय हॅव टू गो टू यवतमाळ ऑन मंडे टू मीट माय अंकल’ असं होतं. आता पाच ‘ले’ कुठे गेले ते पाहा. ‘मले’मधला गळाला, नुसता ‘आय’ राहिला. ‘सोमवारले’चा ‘ऑन’ झाला. ‘मामाले’चं काहीच झालं नाही, कारण ‘मीट’ला मधे कोणी लागत नाही. ‘भेटाले’चा ‘टू’ झाला खरा, पण तो क्रियापदाआधी येणारा ‘टू’, प्रीपोझिशन नव्हे. ‘हॅव’नंतरचा ‘टू’ तर ‘जायचं’मधून आला. खराखुरा प्रीपोझिशन ‘टू’ मिळाला तो एकट्या ‘यवतमाळले’ला. पाचांत एक.

त्या दिवसानंतर मी कुठल्याही पोराला ‘अमक्या प्रत्ययाला इंग्रजीत तमकं म्हणतात’ असं सांगितलं नाही. हा लेख त्याच सवयीविरुद्ध आहे. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, नव्यानं नोकरीला लागलेले कारकून, मराठी माध्यमात शिकवणारे तरुण शिक्षक आणि घरी लेकराचा अभ्यास घेणारे आईबाप यांच्यासाठी तो लिहितो आहे.

प्रीपोझिशन म्हणजे नामाच्या आधी ठेवलेला शब्द. आपल्याकडे तो मागे येतो. घरात, घरावर, घरापासून, घरासाठी. यांतल्या काहींना आपण विभक्तिप्रत्यय म्हणतो, काहींना शब्दयोगी अव्यय. वऱ्हाडीत तेच. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरची गोरमाटी घ्या, केळापूर-झरीकडची कोलामी किंवा गोंडी घ्या, बाजारातली हिंदी-उर्दू घ्या, नाहीतर पैनगंगेपलीकडची तेलुगू. संबंध दाखवणारा तुकडा सगळीकडे नामाच्या मागेच. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या, मराठी आणि गोरमाटी वेगळ्या कुळातल्या, पण इथे सगळ्या एकाच रांगेत उभ्या आहेत. म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंच लेकरू ही सवय घरून घेऊन येत नाही, यवतमाळच्या कॉलनीतलंही नाही आणि कोलामांच्या पोडावरचंही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आपण खेड्यातले म्हणून जमत नाही’ असं मनात धरून बसलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत.

इंग्रजीलाही एकेकाळी विभक्ती होत्या. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना प्रत्यय लागत. ते झिजत गेले आणि आज ‘ही-हिम’, ‘आय-मी’ अशा सर्वनामांत त्यांचा मागमूस उरला आहे. प्रत्ययांचं काम मग ‘इन, ऑन, ॲट, टू, बाय, विथ, फ्रॉम, फॉर, ऑफ’ या चिमुकल्या शब्दांच्या डोक्यावर आलं. एकेकाकडे दहा-दहा कामं आहेत. म्हणून यांतल्या कोणाचाच एक पक्का मराठी अर्थ देता येत नाही, आणि आपल्या प्रत्ययांचंही तेच आहे. दहा कामांचा ‘ला’ आणि दहा कामांचा ‘टू’ एका ठिकाणी जुळले, म्हणून बाकी नऊ ठिकाणी जुळतील असं नाही.

मग करायचं काय? पोळ्याच्या आधी बाजारातून एकटा बैल आणणारा कास्तकार सहसा दिसत नाही. आणलाच, तर घरच्या बैलाला तो जोडीला चालतो का, हे पाहून आणतो. इंग्रजी शब्दही तसाच आणायचा. ‘डिपेंड’ पाठ करू नका, ‘डिपेंड ऑन’ करा. ‘वेट’ नाही, ‘वेट फॉर’. ‘लिसन’ नाही, ‘लिसन टू’. ‘गुड’चा अर्थ चांगला, एवढ्यावर न थांबता ‘गुड ॲट मॅथ्स’ म्हणजे गणितात चांगला, असा तुकडाच वहीत उतरवा. इंग्रजीत प्रीपोझिशन बहुतेक वेळा आधीच्या शब्दाच्या मर्जीनं चालतं, आणि आपण मात्र नंतरच्या नामाकडे, त्याच्या मराठी प्रत्ययाकडे बघत बसतो. निम्म्या चुका इथेच होतात.

काही जोड्या आपल्याला फुकट मिळतात. ‘शेती पावसावर अवलंबून आहे’ यातला ‘वर’ आणि ‘डिपेंड्स ऑन द रेन’ यातला ‘ऑन’ जुळतात. तेवढ्यानं फसून माणूस ‘माझ्यावर रागावला’चं ‘अँग्री ऑन मी’ करतो. इंग्रजीत राग माणसाच्या अंगावर येत नाही, ‘अँग्री विथ मी’. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ यात तर ‘ट्रस्ट’ क्रियापद असेल तर काहीच नको, ‘आय ट्रस्ट यू’. सापाला भितो, ‘अफ्रेड ऑफ’. माझ्यापेक्षा सीनियर, ‘सीनियर टू मी’; इथे ‘दॅन’ लिहून गुण घालवणारे दरवर्षी भेटतात. शिक्षिकेशी लग्न झालं असेल तर ‘मॅरीड टू अ टीचर’. ‘मॅरीड विथ’ नाही. गंमत म्हणजे ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. विवाहित असून दोन मुलं आहेत, असा त्याचा अर्थ.

जिथे काहीच लागत नाही, तिथे आपण सगळ्यात जास्त चुकतो. हा भाग सावकाश वाचा, कारण एवढं सुधारलं तरी तुमचं इंग्रजी महिनाभरात वेगळं दिसायला लागेल. मराठीत आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. ‘डिस्कस द मॅटर’ पुरे. खोलीत शिरतो, म्हणून ‘एंटर इन द रूम’. ‘एंटर द रूम’ पुरे. यवतमाळला पोचतो, म्हणून ‘रीच टू यवतमाळ’, ‘रीच यवतमाळ’. त्याला विचारतो, त्याला सांगतो, पत्राला उत्तर देतो, सभेला हजर राहतो, साहेबांना फोन करतो. ‘आस्क हिम, टेल हिम, आन्सर द लेटर, अटेंड द मीटिंग, फोन द ऑफिसर’. सगळीकडचा ‘ला’ आणि ‘ना’ इंग्रजीत विरघळतो. पण ‘से’ वेगळा निघतो. ‘से मी’ होत नाही, ‘से टू मी’ करावं लागतं. ‘अराइव्ह’ही ‘रीच’चा सख्खा भाऊ असून स्वतंत्र चालतो, ‘अराइव्ह इन यवतमाळ’, ‘अराइव्ह ॲट द स्टँड’. आणि ‘होम’. ‘गो टू स्कूल’ बरोबर, ‘गो टू होम’ चूक, नुसतं ‘गो होम’. आपलीच ‘घरी’ आणि ‘शाळेला’ ही रूपं आठवा. ‘घरी जातो’ म्हणताना आपणही ‘ला’ लावत नाही. इंग्रजीचं कधीकधी आपल्याशी असं गुपचूप पटतं.

उलट बाजूला ज्या क्रियापदांना लागतंच, तिथे आपण विसरतो. मी तुझी वाट पाहतो, यात ‘साठी’ नाही, म्हणून ‘आय ॲम वेटिंग यू’. गाणं ऐकतो, म्हणून ‘लिसन साँग’. फळ्याकडे पाहा हे ‘लुक द बोर्ड’. ‘फॉर, टू, ॲट’ अनुक्रमे हवेतच.

नामांमुळे एक वेगळा घोळ होतो. ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’ हे शब्द क्रियापद म्हणून वापरले की प्रीपोझिशन लागत नाही, ‘वुई ऑर्डर्ड सीड्स’. पण नाम म्हणून वापरले की ‘फॉर’ येतं, ‘ॲन ऑर्डर फॉर सीड्स’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘डिमांड फॉर कॉटन’. अर्जात ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ लिहिणारे शिक्षकसुद्धा आहेत. मीही त्यांतलाच एक होतो, आणि ते मंजूरही व्हायचे.

आता जागेचं बघू. ‘ॲट’ला ठिपका समजा, ‘ऑन’ला रेघ किंवा पृष्ठभाग, ‘इन’ला कुंपण. एवढं शिकवून पुस्तकं थांबतात, आणि पोरं विचारतात, यवतमाळ ठिपका की कुंपण? याचं उत्तर यवतमाळ देत नाही, बोलणारा देतो. मी यवतमाळात राहतो, तेव्हा गाव मला चारी बाजूंनी आहे, ‘आय लिव्ह इन यवतमाळ’. पण नागपूरला जाणारी एसटी कळंबला थांबते तेव्हा कळंब हा तिच्या वाटेवरचा ठिपका असतो, ‘द बस स्टॉप्स ॲट कळंब’. कळंबमध्ये राहणाऱ्या माणसानं ‘आय लिव्ह ॲट कळंब’ म्हटलं तर मात्र कानाला खटकतं. पुसद पूस नदीवर वसलं आहे, इंग्रजीतही ‘पुसद इज ऑन द पूस’. ते पाण्यावर तरंगत नाही, पण दोन्ही भाषांना नदी रेघेसारखी दिसते.

‘वर’ हा शब्द मात्र स्वतंत्र अभ्यासाचा आहे. पैनगंगा आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. हा ‘वरून’ इंग्रजीत ‘अलाँग’ होतो, कारण ती सीमेच्या लांबीनं वाहते. उमरखेडहून हदगावला जाताना तिच्यावरचा पूल लागतो, तो ‘ओव्हर द पैनगंगा’ किंवा ‘अक्रॉस द पैनगंगा’. ‘ऑन’ म्हटलं तर तो पाण्याला टेकला. बायका नदीवर धुणं धुतात, त्या ‘ॲट द रिव्हर’. डोक्यावर पंखा फिरतो तो ‘ओव्हर माय हेड’, डोक्यावर टोपी आहे ती ‘ऑन माय हेड’. स्पर्श असला की ‘ऑन’. भिंतीवर घड्याळ ‘ऑन द वॉल’, पण भिंतीला भोक ‘इन द वॉल’. मराठीत भोक भिंतीला पडतं आणि इंग्रजीत भिंतीच्या आत. झाडावर पाखरू बसलं तर ‘इन द ट्री’, झाडावर आंबा लागला तर ‘ऑन द ट्री’. पाखरू फांद्यांच्या आत दडलेलं असतं आणि आंबा फांदीला लटकलेला, असं चित्र डोळ्यांपुढे आणा म्हणजे पाठ करावं लागणार नाही. बाप वावरात असेल तर ‘इन द फील्ड’. वावराकडे निघाला असेल तर ‘टू द फील्ड’. मोबाइलवर बोलत असेल तर ‘ऑन द फोन’. बातमी पेपरात, ‘इन द पेपर’, पण तिसऱ्या पानावर, ‘ऑन पेज थ्री’.

चित्र डोळ्यांपुढे आणणं आणि जोडी पाठ करणं, माझ्याकडे या दोनच युक्त्या आहेत. जागेला चित्र चालतं, क्रियापदांना आणि विशेषणांना जोडी. वेळेला दोन्ही थोडं थोडं.

वेळेचा साधा नियम सगळ्यांना माहीत असतो. घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि सालाला ‘इन’. वसंतराव नाईक गहुली गावी १ जुलै १९१३ रोजी जन्मले, म्हणून महाराष्ट्रात १ जुलै हा कृषिदिन. ‘वसंतराव नाईक वॉज बॉर्न ॲट गहुली ऑन १ जुलै १९१३’. तारीख गाळून नुसतं साल सांगायचं झालं की लगेच ‘इन १९१३’. पोळ्याच्या दिवशी ‘ऑन पोळा’, दिवाळीच्या सुमारास ‘ॲट दिवाळी’. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ११ ते १३ तारखेला, ‘फ्रॉम ११ टू १३ जानेवारी’. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. ‘संमेलनाचं अध्यक्षस्थान भूषवलं’चं इंग्रजी ‘प्रिसायडेड ओव्हर’, तीही एक जोडी वहीत घ्या. ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट इयर’, ‘धिस मॉर्निंग’ यांच्या आधी ‘ऑन’ किंवा ‘इन’ लावू नका. आणि ‘टुडे मॉर्निंग’ असं इंग्रजीत काही नसतं, कितीही जणांच्या तोंडी असलं तरी.

एक मात्र फुकट मिळतं. गाडी वेळेवर आली, ‘ऑन टाइम’. मी वेळेत पोचलो म्हणून गाडी मिळाली, ‘इन टाइम’. ‘वर’ला ‘ऑन’, ‘त’ला ‘इन’, जसंच्या तसं. एसटीच्या बाबतीत यातलं दुसरं वाक्य जास्त वेळा वापरावं लागतं.

वेळेतलं खरं काटेरी झुडूप म्हणजे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. ‘मी दहा वर्षांपासून इथे आहे’ आणि ‘मी २०१५ पासून इथे आहे’ यांत आपल्याला एकच ‘पासून’ दिसतो. इंग्रजी यांत फरक करते. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर टेन इयर्स’, कुठून सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स २०१५’. शिवाय क्रियापदही ‘आय ॲम’ नाही, ‘आय हॅव बीन’. ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि मुलाखतीच्या खोलीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. समोरच्याला अर्थ कळतो, नोकरीही कदाचित मिळते, पण कानाला खडा लागतोच.

‘पर्यंत’नं तर माझ्या एका विद्यार्थ्याचं खरोखर नुकसान केलं. घाटंजी तालुक्यातला मुलगा, मुलाखतीसाठी नागपूरला काकाकडे उतरला होता. ‘मी शुक्रवारपर्यंत नागपुरात आहे’ हे त्यानं कंपनीला ‘आय विल बी इन नागपूर बाय फ्रायडे’ असं कळवलं. त्यांनी अर्थ घेतला, शुक्रवारपर्यंत हा नागपुरात पोचेल. म्हणून मुलाखत शनिवारी ठेवली. शनिवारी सकाळी पोरगं गावात, वडिलांसोबत सरकी लावत होतं. त्यानं लिहायला हवं होतं ‘अनटिल फ्रायडे’. एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर ‘अनटिल’ किंवा ‘टिल’, आणि त्या वेळेच्या आत एकदा घडून संपणार असेल तर ‘बाय’. सोमवारपर्यंत थांबा, ‘वेट अनटिल मंडे’. सोमवारपर्यंत अर्ज द्या, ‘अप्लाय बाय मंडे’. बँकेच्या, कॉलेजच्या, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेच्या नोटिशी वाचताना हा फरक लक्षात ठेवला तर हेलपाटा वाचतो.

‘दोन तासांत येतो’ याचंही तसंच. आपला ‘त’ दोन तास उलटायच्या आतला कुठलाही क्षण सांगतो. इंग्रजीत ‘इन टू अवर्स’ म्हणजे साधारण दोन तासांनी. आत म्हणायचं असेल तर ‘विदिन टू अवर्स’. साहेबाला ‘इन टू अवर्स’ कळवून अर्ध्या तासात पोचलात तर तो खूश होईल. ‘विदिन’ कळवून दोन तासांनी पोचलात तर नाही.

आता बाजारात या. वणी, पांढरकवडा किंवा यवतमाळच्या बाजार समितीच्या आवारात उभं राहून जितकं प्रीपोझिशन शिकता येतं, तितकं माझ्या वर्गात येत नव्हतं. कास्तकारानं २० क्विंटल कापूस विकला. व्यापाऱ्याला विकला, ‘टू द ट्रेडर’. व्यापाऱ्यानं त्याच्याकडून घेतला, ‘फ्रॉम द फार्मर’. क्विंटलवर मोजून, ‘बाय द क्विंटल’. ७००० भावानं, ‘ॲट ७००० अ क्विंटल’. सगळ्याचे मिळाले १ लाख ४० हजार. विकला तो ‘फॉर वन लॅक फॉर्टी थाउजंड’. भावासाठी ‘ॲट’, एकूण पैशासाठी ‘फॉर’. आणि आता भाव वाढू द्या, कागदावर का होईना. ७००० वरून ‘फ्रॉम ७०००’. ५०० नं वाढला, ‘रोज बाय ५००’. ७५०० वर गेला, ‘रोज टू ७५००’. भावातली वाढ, ‘अ राइज इन प्राइस’. हे चार तुकडे एकदा पक्के झाले की लोकसंख्या, पाऊस, पगार, महागाई, परीक्षेतला आलेखावरचा परिच्छेद, सगळं त्याच साच्यात बसतं. ‘बाय’ आणि ‘टू’ची अदलाबदल केलीत तर भाव पाचशेनं वाढायच्या ऐवजी पाचशेवर येतो. तसं इंग्रजी लिहिणाऱ्याला आमच्या बाजारात कोणी उभं करणार नाही.

याच बाजारात ‘ने’ही शिकून घ्या, कारण ‘ने’ दिसला की पोरं डोळे मिटून ‘बाय’ लिहितात. बसनं आलो, ‘बाय बस’. पण आपल्या मोटारसायकलनं आलो, ‘ऑन माय मोटरसायकल’. ‘माय’, ‘हिज’, ‘द’ असं काही मधे आलं की ‘बाय’ निघून जातं. विळ्यानं कापलं, ‘विथ अ सिकल’, कारण विळा हे हातातलं हत्यार. रामूनं कापलं, आणि वाक्य उलट फिरवून कर्मणी केलं, तर ‘बाय रामू’, कारण रामू हा करणारा. ‘कट बाय रामू विथ अ सिकल’, दोघंही एका वाक्यात आपापल्या जागी. थंडीनं कुडकुडतो, ‘विथ कोल्ड’. तापानं आजारी आहे, ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’. कापड कापसाचं असतं, ‘मेड ऑफ कॉटन’, कारण कापडात कापूस अजून दिसतो. तेल सरकीचं, ‘मेड फ्रॉम कॉटनसीड’, कारण तेलात सरकी उरलेली नाही.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर प्रीपोझिशन वाचायची वेळ येते तेव्हा मजा संपते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं औषधांची, यंत्रणेची, पिकाच्या उंचीची, उष्म्याची होती. भाषेवर ते खापर फोडणं बेशरमपणाचं होईल. पण त्यानंतर दरवर्षी मी दहावीच्या वर्गात एक रिकामा, धुतलेला डबा न्यायला लागलो आणि त्यावरचा मजकूर पोरांकडून वाचून घ्यायला लागलो. ‘डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड’ म्हणजे वारा तोंडावर घेऊन फवारू नका. भिंतीला टेकून उभा आहे, यातला ‘ला’सुद्धा इंग्रजीत ‘अगेन्स्ट’च, ‘लीनिंग अगेन्स्ट द वॉल’. भिंत आणि वारा दोन्ही समोरून रेटतात, असं चित्र. ‘आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’, लेकरांच्या हाती लागणार नाही असं. ‘इन काँटॅक्ट विथ स्किन’, कातडीला लागलं तर. ‘थ्रू द स्किन’, कातडीतून आत गेलं तर. हे दोन सारखे वाटतात, पण नाहीत. पहिल्यात धुवायला वेळ आहे. ‘ऑन ॲन एम्प्टी स्टमक’, उपाशी पोटी. आपल्या ‘उपाशी पोटी’त कुठलाही ‘वर’ नसताना इंग्रजीत ‘ऑन’ कसा आला हे विचारू नका, जोडी म्हणून घ्या. ज्या घरात इंग्रजी वाचणारं एकच पोरगं आहे, तिथे त्यानं हे बापाला वाचून दाखवावं, एवढीच माझी अपेक्षा असायची. शाळेतल्या गुणांपेक्षा ती मला मोठी वाटे.

अभ्यास कसा करायचा ते थोडक्यात. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात शब्द आणि त्यांची प्रीपोझिशनं यांची लांबलचक यादी आहे. ती वर्णानुक्रमे पाठ करू नका. ‘ॲब’पासून सुरू केलेली पाठांतरं ‘बी’च्या पुढे गेलेली मी पाहिली नाहीत. त्याऐवजी वही करा. रोज पेपरात, पुस्तकात, एसटी स्टँडवरच्या पाटीवर भेटलेल्या पाच जोड्या लिहा आणि प्रत्येकीखाली तुमच्या घरातलं, तुमच्या गावातलं एक वाक्य घाला. ‘अफ्रेड ऑफ लायन्स’ नको, सिंह कुणी पाहिलाय? टिपेश्वरच्या वाघाचं लिहा, तो आपला आहे. शंका आली की ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी उघडा. ए. एस. हॉर्नबी यांनी ती परभाषकांसाठीच रचली, म्हणून शब्दाच्या शेजारीच त्याचं प्रीपोझिशन दिलेलं असतं आणि उदाहरणही. मोबाइलवर ती फुकट पाहता येते. मराठी-इंग्रजी शब्दकोशात हे सापडणार नाही. तो शब्द देतो, जोडी देत नाही.

भाषांतराची सवय एकदम सोडा, असं मी म्हणणार नाही. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं आमच्या आधीच्या कित्येकांना तारलं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तरी विचार मराठीतच येतो, आणि येऊ द्या. फक्त भाषांतर करताना प्रत्यय शेवटी हातात घ्या. आधी क्रियापद ठरवा, त्याची जोडी आठवा, मग नाम ठेवा. ‘मामाले भेटाले’ म्हणताना ‘मामाले’पासून नाही, ‘भेट’पासून सुरुवात करा. ‘मीट’ला काय लागतं? काही नाही. झालं.

वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ देऊ नये, असा जुना नियम कुणी सांगितला तर मान डोलवा आणि ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ बिनधास्त म्हणा. आणि ‘कोप अप विथ’ लिहू नका, ‘कोप विथ’ लिहा, जरी तुमच्या साहेबाच्या पत्रात पहिलंच असलं तरी.

जाता जाता एक वाक्य देतो. मुर्तिजापूर ते यवतमाळ या ११३ किलोमीटरच्या अरुंद रुळांवरून धावणारी शकुंतला रेल्वे तुमच्या आजीआजोबांनी पाहिली असेल, कदाचित तुम्हीही. ‘आजोबा लहानपणी शकुंतलेनं यवतमाळहून मुर्तिजापूरला मावशीला भेटायला जायचे आणि रविवारपर्यंत तिथेच राहायचे.’ यात एक ‘नं’ आहे, एक ‘हून’, तीन ‘ला’ आणि एक ‘पर्यंत’. इंग्रजी करा, शब्दकोशात तपासा आणि मग घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा.